पत्र, अर्ज आणि शिळा

१

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या हिंदी शिपायांनी घरी लिहिलेली पत्रे आज इतिहासाच्या आणि वाङ्मयाच्या अभ्यासकांना परिचयाची झाली आहेत. डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ साली त्यांतल्या साडेसहाशेच्या आसपास पत्रांचा संग्रह इंग्रजीत प्रसिद्ध केला. तेव्हापासून 'सामान्य हिंदी माणसाचा आवाज' म्हणून या पत्रांचा गौरव होत आला आहे. राजे, सेनापती आणि मुत्सद्दी यांच्या चरित्रांनी भरलेल्या इतिहासात नांगर सोडून बंदूक धरलेला माणूस येथे प्रथमच स्वतः बोलतो, असे सांगितले जाते.

हे म्हणणे अर्धे खरे आहे. पण ज्या समाजाची रचनाच जातीच्या उतरंडीवर झाली आहे, त्या समाजाच्या संदर्भात 'सामान्य माणूस' हा शब्द कोणी सहज वापरू लागला, की दलित वाचकाने थांबून विचारले पाहिजे : या शब्दात कोण आले आणि कोण बाहेर राहिले? मला असे वाटते की समुद्रापारच्या शिपायाचे मन केवळ पत्रांतून वाचता येत नाही. पत्र लिहिण्यासाठी आधी पलटणीत प्रवेश लागतो. ज्याला तो प्रवेशच नाकारला त्याने अर्ज लिहिला. आणि ज्याला आत घेतले ते केवळ झाडू मारण्यासाठी, त्याच्या नावाचा एखादा दगड तेवढा शिल्लक राहिला. पत्र, अर्ज आणि शिळा हे तिन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले, तरच त्या युद्धाचे आपल्या बाजूचे वाङ्मय हाती लागते.

२

प्रथम पत्रांचे मोल मान्य करू. १९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी फौज मार्सेल्स बंदरात उतरली. महिनाभरात ती ईप्रच्या आघाडीवर चिखलात उभी होती. मार्च १९१५ मध्ये न्यव शापेल, सप्टेंबरमध्ये लूस. अंगावरचे कपडे उष्ण हवेचे आणि समोर युरोपातला हिवाळा. अशा माणसाने घरी काय लिहावे? त्याने तोफांविषयी लिहिले, बर्फाविषयी लिहिले. पण त्याहून अधिक त्याने घराविषयी विचारले. पाऊस झाला का, म्हैस व्याली का, गहाण जमीन सुटली का, पाठवलेले पैसे कोणाच्या हाती पडले, धाकट्याचे लग्न ठरले का, गावात प्लेग आहे का. शरीर खंदकात आणि कारभार गावात, असे त्याचे दुहेरी जगणे आहे. रुपये अकरा महिन्याचा शिपाई हजारो मैलांवरून भाऊबंदकीचा निवाडा करू पाहतो, आणि उत्तर यायला आठवडेच्या आठवडे लागतात. तोवर तिकडे बैल विकला गेलेला असतो.

काही पत्रांत मोठी चतुराई आहे. सरकार पत्रे उघडून वाचते हे शिपायांना लवकरच कळले. मग 'काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात' अशा आशयाची भाषा येऊ लागली. काळी मिरी म्हणजे हिंदी फौज, लाल मिरची म्हणजे गोरे. भावाने भरती होऊ नये, हे उघड लिहिता येत नाही, म्हणून ते स्वयंपाकघरातल्या शब्दांत लिहिले गेले. दडपणाखालची भाषा किती कल्पक होते, याचे हे उदाहरण दलित वाङ्मयाच्या अभ्यासकाला ओळखीचे वाटेल.

आणखी एक गोष्ट या पत्रांत वारंवार येते. फ्रान्समधल्या घरांत उतरलेल्या शिपायाने पाहिले, की तिथल्या बाया शेती पाहतात, हिशेब ठेवतात, लिहितात, वाचतात. नवरा, मुलगा आघाडीवर असताना घर चालवतात. आणि हा शिपाई घरी लिहितो, की मुलींना शाळेत घाला. ज्या माणसाला गावातल्या कोणा सुधारकाचे व्याख्यान पटले नसते, त्याला एका परक्या म्हातारीच्या रोजच्या वागण्याने हे पटवले. अनुभवाची ही ताकद नाकारण्याचे कारण नाही.

३

पण हे पत्र तयार कसे झाले, तेही पाहिले पाहिजे. १९११ च्या खानेसुमारीप्रमाणे हिंदुस्थानात शंभरांत सुमारे सहाच माणसे साक्षर होती. बहुतेक शिपायांनी पत्र स्वतः लिहिलेले नाही. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा. लिहिणारा पलटणीतलाच कोणी साक्षर, आणि आजूबाजूला ऐकणारे चार सोबती. त्यानंतर ते पलटणीतल्या अधिकाऱ्याच्या हातून जाई आणि मग हिंदी टपालाच्या सेन्सॉरकडे. मार्च १९१५ च्या सुमारास फ्रान्समधून शिपायांची दर आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे निघत होती. सेन्सॉरच्या कचेरीत त्यांतली निवडक वाचली जात आणि त्यांतले उतारे इंग्रजीत भाषांतरित होऊन अहवालात जात. आज आपल्या हाती आहेत ते बहुतांशी हे उतारे. मूळ पत्रे पुढे गावी गेली आणि तिथेच कुठे चुलीत, कुठे वाळवीत संपली.

म्हणजे ज्याला आपण 'आवाज' म्हणतो त्यात मायबोली नाही. पंजाबी, उर्दू, हिंदी, गढवाली सगळे एका सरकारी इंग्रजीत वितळले आहे. निवड कोणी केली? साम्राज्याला शिपायाच्या निष्ठेची चिंता होती, त्या चिंतेने केली. युद्धकैद्यांच्या बाबतीतही तेच. बर्लिनजवळच्या व्युन्सडॉर्फच्या छावणीत जर्मन पंडितांनी हिंदी कैद्यांचे आवाज तबकड्यांवर घेतले. ११ डिसेंबर १९१६ रोजी माल्ल सिंग नावाचा कैदी पंजाबीत बोलला. स्वतःविषयीच, पण 'एक माणूस होता' अशा परक्या पुरुषाच्या ढंगात. हिंदुस्थानात लोणी खाणारा हा माणूस युद्धात आला आणि आता त्याला घरी जायचे आहे, एवढेच त्याचे सांगणे. तो आवाज आजही ऐकता येतो. पण पंडितांना हवा होता तो बोलीचा नमुना. त्या माणसाला घरी पोहोचवण्याशी त्या यंत्राला कर्तव्य नव्हते.

पत्र गावी पोहोचल्यावरही वाट संपत नाही. तिथेही वाचणारा दुसराच. मी ज्या वस्तीत वाढलो तिथे पत्र वाचून दाखवणे हे शाळकरी पोराचे काम होते. पलटणीतून आलेले आंतरदेशीय पत्र पदराखाली धरून एखादी म्हातारी दारात येई. खुशाली, मनिऑर्डर, रजा, थोरामोठ्यांना नमस्कार असे सगळे वाचून झाले, की ती विचारी, "आनि काय लिवलंय रं?" तिला ठाऊक असे की मुलगा सगळे लिहीत नाही, आणि लिहिलेले सगळे ऐकू येत नाही. समीक्षेने शिकावा असा प्रश्न तिने विचारला होता. आणखी काय लिहिले आहे, आणि कोणी लिहिलेच नाही?

४

कोणी लिहिले नाही, याचे उत्तर आकड्यांत आहे. त्या युद्धात हिंदुस्थानातून चौदा लाखांवर माणसे भरती झाली. त्यांत लढणारे सुमारे पावणेनऊ लाख, आणि न लढणारे साडेपाच लाखांहून अधिक. खेचरवाले, डोलीवाले, हमाल, भिस्ती, लांगरी, धोबी, मोची, मेहतर. फौजेच्या भाषेत यांना 'फॉलोअर' म्हणत, म्हणजे मागून चालणारे. यांच्यातही पुन्हा उतरंड केली होती. १९१७ साली फॉलोअरांची 'वरचे' आणि 'हलके' अशी वाटणी झाली. खेचरवाल्यांसारख्यांना शिपायाच्या जवळपासचा दर्जा मिळाला. भिस्ती, मेहतर, धोबी हे 'हलक्यां'त राहिले. राधिका सिंघा यांनी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या 'द कूलीज ग्रेट वॉर' या ग्रंथात हा सगळा वर्ग अभ्यासाच्या मध्यावर आणला, हे मोठे काम झाले. पण त्यांनाही तो उभा करावा लागला तो प्रामुख्याने सरकारी कागदांतून. शिपायाच्या पत्रांचा संग्रह निघू शकतो. मेहतराच्या पत्रांचा संग्रह कसा निघणार?

आणि जी पत्रे राहिली तीही कोणाची? हिंदी पायदळ १९१५ च्या अखेरीस फ्रान्समधून हलवले गेले. मागे राहिले ते घोडदळ, १९१८ पर्यंत. त्या काळच्या घोडदळात बहुतेक ठिकाणी शिलेदारी पद्धत होती. घोडा आणि साज यांचा भार स्वाराने उचलायचा. अशा पलटणीत जमीन असलेल्या घरचाच मुलगा जाणार. तेव्हा युद्धाच्या उत्तरार्धातला हा 'सामान्य हिंदी माणूस' पुष्कळदा जमीनदार शेतकरी जातीचा आहे. त्याच्या पत्रातली इज्जत ही जमिनीची आणि जातीची इज्जत आहे. हा त्याचा दोष नव्हे. दोष आहे तो त्याला सर्वांचा प्रतिनिधी ठरवणाऱ्या वाचनाचा.

समुद्र ओलांडल्याने जात बुडते, असे धर्मशास्त्र सांगत होते. प्रत्यक्षात साम्राज्याने जात जपून, मोजून, बोटीत भरून पलीकडे नेली. इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियन या जुन्या राजवाड्यात जखमी हिंदी शिपायांसाठी इस्पितळ उघडले. तिथे जातीधर्माप्रमाणे नऊ स्वयंपाकघरे होती. हिंदूंच्या आणि मुसलमानांच्या पाण्याच्या तोट्या वेगळ्या होत्या. शौचकूप आणि झाडलोट यांसाठी 'अस्पृश्य' जातीची माणसे हिंदुस्थानातून नेली होती. या व्यवस्थेची छायाचित्रे आणि पुस्तिका काढून, सरकार शिपायांची किती काळजी घेते याचा गावोगाव प्रचार झाला. ज्या व्यवस्थेचे नऊ तुकडे नऊ चुलींवर शिजत होते, तिचा दहावा तुकडा संडास धूत होता. त्याचे छायाचित्र प्रचाराच्या उपयोगाचे नव्हते.

त्याच काळात हँपशायरमधल्या ब्रॉकनहर्स्ट या गावी लेडी हार्डिंज इस्पितळ होते. तिथे सुखा नावाचा मेहतर काम करीत होता. १२ जानेवारी १९१५ रोजी तो वारला. वय तीस. तिथे सांगितली जाणारी हकीकत अशी : तो अस्पृश्य, म्हणून हिंदूंच्या दहनभूमीत त्याला जागा नाही, तो मुसलमान नाही, म्हणून वोकिंगच्या दफनभूमीतही नाही. शेवटी गावच्या पाद्र्याने सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्याला पुरले आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून दगड उभारला. तो दगड आजही उभा आहे.

त्या दगडावरचा मजकूर वाङ्मय म्हणून वाचण्याजोगा आहे. त्यावर सुखाचे नाव आहे. मोहल्ला गंगापूर, शहर बरेली, संयुक्त प्रांत, असा पूर्ण पत्ता आहे. देश, घर आणि मित्र सोडून तो बादशहाच्या चाकरीला आला, तो ख्रिस्ती नव्हता, पण त्याचे आयुष्य दुसऱ्यांसाठी खर्ची पडले, असा आशय आहे. दगड उभारणाऱ्यांचा चांगुलपणा खरा आहे. तरीही त्याला दिलेले विशेषण 'नम्र सेवक' असेच आहे. मेल्यावरही त्याची ओळख त्याच्या चाकरीनेच झाली. पण पत्ता पाहा. मोहल्ल्यापर्यंतचा पत्ता पत्रावर लिहितात, थडग्यावर नव्हे. बरेलीतल्या त्या मोहल्ल्यात या माणसाची वाट पाहणारे कोणी होते, याचा हा कोरलेला पुरावा आहे. सुखाने घरी धाडायचे पत्र दुसऱ्यांनी दगडावर लिहिले. इंग्रजीत, आणि जिथे त्याच्या घरचा कोणी कधी पोहोचणार नाही अशा ठिकाणी.

ब्रायटनजवळ पॅचमच्या टेकडीवर ५३ हिंदू आणि शीख शिपायांना अग्नी दिला होता. तिथे १ फेब्रुवारी १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते संगमरवरी छत्रीचे उद्घाटन झाले. छत्री आणि सुखाचा दगड यांमधले अंतर मैलांत मोजून समजणार नाही.

५

आता महाराष्ट्राकडे येऊ, कारण येथे याच काळात एक वेगळा मजकूर लिहिला जात होता. कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १८१८ च्या लढाईच्या कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' या प्रत्ययाने संपणारी त्यांची नावे कोरलेली आहेत. फौजेत शिपायांच्या मुलांना शाळा होती, आणि त्या शाळेतून आपल्यातली पहिली साक्षर पिढी निघाली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात 'लढाऊ जाती'चे तत्त्वज्ञान आले आणि महारांची भरती बंद झाली. ज्यांनी ज्यांच्यासाठी लढाया मारल्या, त्यांनीच त्यांना लढाऊ नाहीत असे ठरवले.

या दारबंदीला उत्तर म्हणून आपल्याकडे जे लिहिले गेले ते अर्जवाङ्मय. फौजेतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली विनंतीपत्र तयार केले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली दख्खनच्या महारांच्या वतीने थेट विलायतेतल्या भारतमंत्र्याकडे अर्ज धाडला. आमच्या वाडवडिलांनी तुमची चाकरी इमानाने केली, आम्हाला पलटणीत आणि पोलिसांत घ्या. आमच्या सौंदर्यवादी समीक्षकांना अर्ज हा वाङ्मयप्रकार वाटत नाही. त्यात लालित्य नाही, असे ते म्हणतील. मी म्हणतो, शिपायाच्या पत्रात 'मी' आहे आणि अर्जात 'आम्ही' आहे, हा फरक वाङ्मयीन फरक नाही काय? पत्र घराला उद्देशून असते, त्यात चिंता असते. अर्ज सत्तेला उद्देशून असतो, त्यात पुरावा असतो. अर्जदाराला नम्रतेची भाषा वापरूनच हक्क मागावा लागतो, आणि शिपायाच्या मिरचीइतकीच ती नम्रताही वरवरची आहे.

युद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा सरकारला महारांची आठवण झाली. जून १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ साली ती मोडली. गरज सरो, वैद्य मरो. पुन्हा दुसरे महायुद्ध यावे लागले. जुलै १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर संरक्षण सल्लागार समितीवर गेले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

६

पत्राचा विचार करताना आणखी एक पत्र विसरता येत नाही. सुभेदार रामजींचा मुलगा १९१३ साली न्यूयॉर्कला पोहोचला. तोही समुद्रापार, तोही घरापासून तुटलेला, आणि घरात चणचण. तिथून त्याने वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले. मुलांच्या शिक्षणाबरोबर मुलींचे शिक्षणही झाले, तर आपली प्रगती कितीतरी झपाट्याने होईल, हा त्याचा आशय. म्हणजे फ्रान्समधल्या शिपायांच्या एक-दोन वर्षे आधी, तीच गोष्ट.

तीच, पण अगदी तीच नव्हे. फ्रान्समधला शिपाई 'माझ्या मुलीला शाळेत घाला' म्हणतो, कारण त्याने डोळ्यांनी फरक पाहिला. त्याचे पाहणे घराच्या उंबऱ्यापाशी थांबते. न्यूयॉर्कमधला विद्यार्थी 'आपल्या मुलींना' म्हणतो, आणि तिथे 'आपल्या' या शब्दात एक सबंध समाज मावतो. पत्र असूनही त्याच्यामागे अर्जातला 'आम्ही' उभा आहे. वलंगकर-कांबळ्यांचा 'आम्ही' सरकारच्या दारात उभा होता, त्याला बाबासाहेबांनी स्वतःच्या घराकडे वळवले. दलित जाणिवेची वाढ अशी पत्रांच्या शब्दांतूनही दाखवता येते.

७

ललित वाङ्मयाने या शिपायाचे काय केले, हे थोडक्यात पाहू. चंद्रधर शर्मा गुलेरी यांची 'उसने कहा था' ही हिंदी कथा युद्ध चालू असतानाच, १९१५ साली आली. तिच्यातला लहनासिंग फ्रान्सच्या खंदकात एका बाईला दिलेला शब्द पाळत मरतो. कथा सुंदर आहे, पण तिच्यात युद्ध हे वचनपालनाचे निमित्त होते. घराचा धागा स्मृतीच्या रूपाने येतो, गहाणखताच्या रूपाने नाही. मुल्कराज आनंद यांच्या 'अ‍ॅक्रॉस द ब्लॅक वॉटर्स' या इंग्रजी कादंबरीने ही उणीव भरून काढली. तिचा लालू हा पंजाबी शेतकऱ्याचा मुलगा. घरची गेलेली जमीन परत मिळेल या आशेने तो लढतो, आणि शेवटी जर्मनांच्या हाती सापडतो. शिपायाचे पोट आणि त्याचे शौर्य यांची गाठ आनंदांनी बरोबर ओळखली.

पण याच लेखकाने आधी, १९३५ साली, 'अनटचेबल' लिहिली होती. तिच्यातला बाखा हा मेहतर छावणीत वाढला आहे. गोऱ्या शिपायांचे बूट, पट्ट्या, विजार यांचे त्याला वेड आहे. सैनिकाचा वेष अंगावर चढवला की आपण माणसासारखे दिसू, असे त्याला वाटते. लालू समुद्र ओलांडतो, बाखा छावणीच्या आवारात राहतो. मला नेहमी वाटत आले आहे, की बाखाला त्या बोटीत चढवले असते तर तो सुखा झाला असता. ज्या गोऱ्यांच्या बुटांचे वेड, त्यांच्याच देशात जाऊन त्याने पुन्हा संडासच धुतले असते. एकाच लेखकाच्या दोन थोर कादंबऱ्यांमधली ही न लिहिलेली तिसरी कादंबरी आहे. ती सहानुभूतीने लिहिता येणार नाही. ती त्या घरातून यावी लागेल.

८

म्हणून प्रश्न केवळ जुन्या पत्रांचा अर्थ लावण्याचा नाही. आपल्या वस्त्यांत १९४१ नंतर पलटणीत गेलेल्यांची घरे आहेत. ब्रह्मदेशाच्या मोहिमेवर गेलेल्यांच्या नातवंडांची आहेत. १९८७ साली श्रीलंकेत गेलेल्यांचीही आहेत. त्या घरांत पत्र्याच्या ट्रंका आहेत. त्यांत डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, मनिऑर्डरीच्या पावत्या, पदकाची रिकामी डबी आणि क्वचित एखादे पत्र. म्हातारा गेला की मुले घर बदलतात आणि ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते. शिपायांच्या पत्रांतला मजकूर निदान उताऱ्यांच्या रूपाने टिकला, कारण सेन्सॉरने तो संशयाने जपला. आपल्या ट्रंका जपणारे कोणी नाही, संशयानेही नाही.

माझ्या विद्यार्थ्यांना मी सुट्टीत एक काम देतो. प्रबंध नको, आधी ट्रंक उघडा. कागदांची यादी करा. म्हाताऱ्या बायांना विचारा : पत्र कोण वाचून दाखवायचे, पैसे कोणाच्या सहीने मिळायचे, अंगठा कोण लावायचे, मुलगा रजेवर आला की गावच्या हॉटेलात त्याला कोणत्या कपात चहा मिळायचा. गणवेश घालून गेला तर कोणत्या, आणि धोतर नेसून गेला तर कोणत्या. ही उत्तरे वहीत आली, की आपल्या बाजूचे युद्धवाङ्मय आहे की नाही, हा वाद करायला आपण मोकळे. तोवर दुसऱ्यांची पत्रे 'आपला आवाज' म्हणून वाचण्याची घाई करू नये.